धुतलेले रुमाल

१

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास औषधांच्या दुकानवाल्याचा फोन आला. तो माझ्याबरोबर गावच्या म्युझियमच्या समितीत आहे आणि तो हसत होता.

"डॉक्टरीणबाई, ऐकलंत का? आपल्या सफाईवाल्या मावशीने म्युझियममधली कलाकृती धुऊन टाकली. साबण लावून!"

मला हसू आलं नाही. चहा तसाच ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. मला राग लवकर येतो हे गावाला माहीत आहे. चाळीस वर्षं मी गुरांची डॉक्टर होते. माझे पेशंट बोलायचे नाहीत आणि त्यांचे मालक खोटं बोलायचे. त्यामुळे एखादी गोष्ट फार सहज, फार मजेत सांगितली गेली की माझ्या कपाळाला आठी पडते.

आमचं म्युझियम जुन्या दूध डेअरीत आहे. आठ वर्षांपूर्वी शहरातून एक संचालक आले आणि त्यांनी ती पडीक इमारत उभी केली. गाव त्यांना साहेब म्हणतं. माणूस कामाचा, हे मीही म्हणायचे. पोरांचे चित्रांचे वर्ग, बायकांसाठी वाचनाची खोली, सगळं त्यांनी केलं. प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, "हे माझं नाही, तुमचं म्युझियम आहे." दाराशी त्यांनी अभिप्रायाची वही ठेवली होती. मी ती रोज वाचतो, म्हणून मला गावाचं मन कळतं, असंही ते सांगायचे.

डेअरीच्या थंड खोलीत, पांढऱ्या फरशीच्या भिंतीवर, वर्षभरापासून चौऱ्याऐंशी रुमाल टांगलेले होते. गावाबाहेर दगडखाण आहे, खडीचं मशीन आहे. तिथली माणसं नाकातोंडावर रुमाल बांधतात. मागे गाठ एकदाच मारायची आणि मग कधी सोडायची नाही. सकाळी डोक्यावरून खाली ओढायचा, संध्याकाळी वर काढायचा. शहरातली एक तरुण चित्रकार चार महिने इथे राहिली आणि तिने खाणीत काम केलेल्या, आता नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे शेवटचे रुमाल मागितले. अट एकच होती, रुमाल धुतलेला नको. घरोघरी जाऊन ते गोळा केले म्युझियमच्या सफाईवाल्या मावशीने. "धुवू नका गं बायांनो, आहे तसा द्या," असं ती उंबऱ्यातूनच ओरडायची. त्यात तिच्या नवऱ्याचाही रुमाल होता. चार वर्षांपूर्वी तो गेला. शेवटी शेवटी त्याला घराच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या.

त्या रुमालांकडे आता कलेच्या पलीकडचं काम आलं होतं. खाणीचा मालक सांगत होता की आम्ही मशीनवर पाणी मारतो, बारीक धूळ उडतच नाही. सरकारी चौकशीवरचे छातीचे डॉक्टर बुधवारी येऊन त्या रुमालांतली धूळ तपासायला नेणार होते. मालक खोटा ठरला तर कोरडं मशीन बंद होणार होतं. आणि त्याच मशीनवर आज मावशीची मुलगी कामाला आहे.

मी थंड खोलीत शिरले. रुमाल ओळीने टांगलेले होते, बारा रांगा, रांगेत सात. सगळे स्वच्छ. करडा रंग गेला होता, आणि जे मुळात पांढरे असावेत त्यांच्यावर फिकट गुलाबी झाक होती. मावशी स्टुलावर बसली होती. साहेबांचा हात तिच्या खांद्यावर होता.

"चूक माझीच आहे," ते मला म्हणाले. "शनिवारी कामाच्या वहीत मीच लिहिलं, बुधवारी पाहुणे येणार, सगळं स्वच्छ हवं, विशेषतः थंड खोली. तिने शब्दशः घेतलं. तिला कुणी बोलू नका."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मी नाही केलं, डॉक्टरीणबाई."

साहेबांनी आवाज खाली आणला. "बघा. बिचारीला आठवतही नाही."

२

मी मावशीच्या घरी गेले तेव्हा अकरा वाजले होते. साहेबांनी तिला "थोडे दिवस विश्रांती घे" म्हणून घरी पाठवलं होतं आणि जाताना किल्ली काढून घेतली होती. वाटेत दोन माणसांनी मला तोच विनोद सांगितला. एकाने तर मावशी साबण कुठला वापरते असं विचारलं. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

घर दोन खोल्यांचं. मुलगी कामावर गेली होती. मावशी भांडी घासत बसली होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

"सोमवारी तू काय काय केलंस, ते सांग," मी म्हणाले.

"सोमवारी बंद असतं ना आपलं. मी नऊला गेले. सगळीकडे फरशी पुसली, थंड खोलीतली पण. तेव्हा भिंत होती तशी होती. अकराला कुलूप लावून घरी आले. आज साडेआठला दार उघडलं तर..." तिने हातातलं पातेलं खाली आपटलं. "मी धुवेन? मी? ज्या बाईने सगळ्यांना धुवू नका म्हणून सांगितलं, ती धुवेल?"

"लोक म्हणतात सवयीने झालं असेल."

"सवयीने!" ती उभीच राहिली. "सवय आहे म्हणूनच सांगते. त्या भिंतीवर पाच रुमाल लाल आहेत. लाल रुमालाबरोबर पांढरे कोण भिजवतं? माझी मुलगी सहा वर्षांची असतानासुद्धा भिजवत नव्हती. ज्याने धुतले त्याने उभ्या जन्मात कपडे धुतलेले नाहीत. मला काही म्हणा, पण असलं धुणं माझ्या नावावर लावू नका."

मला बरं वाटलं, कारण रडण्यापेक्षा चिडलेली मावशी माझ्या ओळखीची होती.

मग ती एकदम खाली बसली. "आणि माझा माणूस त्याच्या जागेवर नव्हता."

माझ्या पिशवीत प्रदर्शनाची छापील पुस्तिका होती. तिच्यात कोणाचा रुमाल कोणत्या रांगेत ते दिलं आहे. मी बघितलं. मावशीचा नवरा दुसरी रांग, तिसरा. सकाळी मी भिंतीवर तिथेच त्याच्या रुमालाची शिवलेली चिठ्ठी वाचली होती.

"आहे गं जागेवर. मी बघितलाय," मी तिची समजूत घातली.

ती मान हलवून पुन्हा भांड्यांकडे वळली. ती दुःखाने गोंधळली आहे असं मला वाटलं. त्या समजूत घालण्याची मला आजही लाज वाटते.

थंड खोलीच्या किल्ल्या तीन होत्या. एक मावशीची, एक साहेबांची आणि एक वॉचमनची. निघताना मला आठवलं की सोमवारी दुपारी तीनला पोस्टात जाताना मी म्युझियमवरून गेले होते, आणि फाटकाजवळची वॉचमनची खुर्ची रिकामी होती.

३

"दिवसभर इथेच होतो की," वॉचमन म्हणाला. "कुठे जाणार?"

"तीन वाजता खुर्ची मोकळी होती."

"लघवीला गेलो असेन."

"मी पोस्टातून चारला परत आले. तेव्हाही मोकळीच होती. एवढा वेळ लागत असेल तर डॉक्टरला दाखव, पण माणसांच्या."

तो साधा माणूस आहे. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. तो फाटकाकडे बघत म्हणाला, "बाई, साहेबांना सांगू नका. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरत होतं. साहेबच म्हणाले, सोमवारी बंदच आहे, म्युझियमची गाडी घे आणि तिला दाखवून आण. नियमात बसत नाही म्हणून कुणाला बोलू नको म्हणाले. बारा ते सात मी नव्हतो. देवमाणूस आहे, बाई. त्यांच्यावर बालंट येईल म्हणून मी गप्प बसलो."

"आणि किल्ली?"

"माझ्या खिशात. तालुक्याच्या दवाखान्यात होती माझ्याबरोबर."

सोमवारी बारा ते सात म्युझियमला कुणीच नव्हतं. कुणाला तरी ते आधीपासून माहीत होतं.

दुपारच्या बसने चित्रकार आली. पाठीवरची पिशवी तिने थंड खोलीच्या दारातच टाकली आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. मग तिने शिवी दिली, आणि ती मला योग्य वाटली.

"पेपरवाले म्हणतात, तुझं नाव एवढं कधी छापून आलं नसेल," ती म्हणाली. "म्हणजे मी खूश व्हायला पाहिजे. सफाईवालीने कलाकृती धुतली. किती गोड बातमी! सगळा देश हसेल. त्या माणसांच्या फुप्फुसांबद्दल एक ओळ छापायला मी वर्षभर यांच्या दारात जात होते."

"काल तू कुठे होतीस?" मी विचारलं. विचारायला हवंच होतं.

"कॉलेजात. तीस मुलांसमोर चित्रकला शिकवत होते. तुम्हाला वाटतं मी केलं?"

"मला अजून काहीच वाटत नाही. पेपरवाल्यांना कोणी सांगितलं?"

"म्युझियममधून कळलं एवढंच म्हणाला तो बातमीदार. सकाळी आठला मला झोपेतून उठवलं त्याने. मला काही माहीतच नव्हतं, मी येड्यासारखी काय, काय करत राहिले."

"किती वाजता म्हणालीस?"

तिने मोबाइल काढून दाखवला. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

मावशीने थंड खोलीचं दार उघडलं साडेआठला. भिंत धुतली गेली हे कुणाच्याही नजरेला पडायच्या अर्धा तास आधी, ती मावशीने धुतली ही बातमी पेपरात पोचलेली होती.

४

म्हणजे विनोद आधी तयार झाला होता. मी घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि खाणीवर गेले.

मालकाचं ऑफिस खडीच्या मशीनच्या समोरच आहे. खिडक्या बंद असूनही टेबलावर करडा थर होता. बोलता बोलता तो बोटाने त्यावर रेघा ओढत होता आणि ते त्याच्या लक्षातही येत नव्हतं. खिडकीतून मला मशीनवर काम करणाऱ्या बायका दिसत होत्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या. त्यांत मावशीची मुलगी कोणती ते ओळखू येत नव्हतं. पाण्याचा पाइप भिंतीशी गुंडाळून ठेवलेला होता आणि त्याच्या वेटोळ्यात गवत उगवलं होतं.

"पाणी मारता म्हणे तुम्ही," मी म्हणाले.

"डॉक्टरीणबाई, भांडायला आला असाल तर वकिलाशी भांडा. मी कशाला रुमाल धुवायला जाऊ? माझ्याकडे किल्ली नाही, आणि मला तसली कामं येत नाहीत."

"येत नाहीत ते दिसतंच आहे. ज्याने केलं त्यालाही येत नव्हती."

तो हसला नाही. रेघा ओढत राहिला. "माझ्या बापाचाही रुमाल आहे तिथे. खाण घ्यायच्या आधी तो स्वतः दगड फोडायचा. मागच्या आठवड्यात मी बघायला गेलो. उद्घाटनाला त्याला पहिल्या रांगेत पहिला लावला होता, आणि आता दाराशी, शेवटच्या रांगेत, त्याच्या जुन्या टोळीत नेऊन टाकलाय. त्याला आवडलं असतं. मला नाही आवडलं."

डोक्यात काहीतरी खटकलं. मी पिशवीतून पुस्तिका काढली. मालकाचा बाप, पहिली रांग, पहिला. आणि आज सकाळी मी त्याला भिंतीवर पाहिला होता, पहिल्या रांगेत, पहिला.

"दाराशी? नक्की?"

"बाप आहे माझा. मला कळणार नाही?"

"मग तुम्ही कुणाला बोललात?"

"तुमच्या साहेबांना. जागेबद्दल नाही, एकूणच. मी एवढंच म्हणालो की ती भिंत बघितली की मला त्रास होतो. आणि नव्या इमारतीचं बोलणं चाललं होतं, तिला जागा मी देणार होतो, तर ते नंतर बघू म्हणालो. बस्स. मी कुणाला काही करायला सांगितलं नाही."

तो खरं बोलत होता. अशा माणसांना काही सांगावं लागत नाही, आणि याचा मला त्याच्या खोटेपणापेक्षा जास्त राग आला. पण भांडायला वेळ नव्हता. माझा माणूस त्याच्या जागेवर नव्हता, असं मावशी म्हणाली होती, आणि मी तिला पुस्तिका वाचून गप्प केलं होतं.

५

म्युझियममध्ये पोचले तेव्हा साहेब दारातच भेटले. मी अभिप्रायाची वही मागितली.

"न्या, न्या. उद्याच्या बैठकीत त्यातलं काही वाचून दाखवू," ते म्हणाले. "मी तर रोज वाचतो."

मी बाकावर बसून मागची पानं उलटू लागले. "छान आहे." "पंखा लावा." "माझा आजा इथे आहे." पाच आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारी दोन पानं भरलेली होती. मजकूर एका हाताचा, सोबतीला सह्या आणि अंगठे बरेच.

"साहेब, तुम्ही परिषदेला गेला होता म्हणून इथे लिहितो. आम्ही रुमालांच्या जागा बदलल्या. पहिले नावाच्या क्रमाने होते. आता एका टोळीत काम केलेली माणसं एका रांगेत आहेत, जेवायला बसायची तशी. मावशीने एकेक काढून दिला, वॉचमनदादांनी शिडी धरली. चित्रकार बाईंना फोन केला होता, त्या हो म्हणाल्या आणि रडल्या. तुम्हाला चालेल ना? नाही चालत असेल तर खाली लिहा."

खाली काही लिहिलेलं नव्हतं. पान कोरं होतं.

त्या पाच आठवड्यांत समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या, थंड खोलीच्या समोरच्याच दालनात. मी दोन्ही वेळा चहा पिऊन, मुद्दे मांडून, समाजाभिमुखतेवर बोलून घरी गेले होते. दहा पावलं पलीकडे जाऊन भिंतीकडे बघितलं नव्हतं. सगळ्यांवर चिडायच्या नादात मी स्वतःला सोडलं होतं. किल्ली नव्हती म्हणून वाचले, नाहीतर माझ्यावरही संशय घ्यायला जागा होती.

चित्रकार अजून थंड खोलीतच, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. मी तिला वही दाखवली. ती झटक्यात उठली आणि वळून रांगा मोजू लागली.

"रंग बघून माझं डोकंच चालेना," ती म्हणाली. "जागांकडे बघितलंच नाही मी. हे सगळे जुन्या जागांवर आहेत."

"इथे धुण्याचं मशीन कुठे आहे?"

"वरच्या खोलीत, पाहुण्या कलाकारांच्या. मी राहायचे तिथे. त्या खोलीची किल्ली फक्त साहेबांकडे असते."

मग मी मावशीच्या घरी गेले. मुलगी नुकतीच कामावरून आली होती, केस करडे झाले होते. मी तिला म्हणाले, "उद्या दहाला ज्यांचे रुमाल आहेत त्या सगळ्या घरांना बोलाव. आणि तुझ्या आईला सांग, मी माफी मागायला आलेय."

आतून मावशीचा आवाज आला. "माफी नंतर मागा. माझा माणूस परत जागेवर कधी लावताय ते सांगा."

६

बुधवारी दहाला थंड खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. छातीचे डॉक्टर काचेच्या छोट्या बाटल्यांची पेटी घेऊन आले होते. त्यांनी दोन-तीन रुमाल भिंगाखाली पाहिले आणि मान हलवली.

"यांत आता काही नाही. मला तसंच लिहून द्यावं लागेल."

साहेब पुढे आले. "मी सर्वांची क्षमा मागतो. एका साध्या, कष्टाळू बाईच्या हातून अजाणता झालेली ही गोष्ट आहे. आपण मोठ्या मनाने..."

"साहेब," मी म्हणाले, "मावशीच्या नवऱ्याचा रुमाल कोणता हो?"

"दुसरी रांग, तिसरा," ते लगेच म्हणाले. "मला प्रत्येकाची जागा पाठ आहे. डोळे मिटून सांगेन."

मग मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "तो माझ्या माणसाशेजारी होता. अकराव्या रांगेत. दोघं एकाच टोळीत होते." दुसरी म्हणाली, "माझा भाऊ तिथे वर कसा गेला?" कुजबुज वाढत गेली. साहेब भिंतीकडे बघू लागले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघत होते, असं मला वाटलं.

मी वही उघडून ती दोन पानं मोठ्याने वाचली. नंतर म्हणाले, "हे ज्याने धुतले त्याने परत टांगताना पुस्तिका समोर धरली. कारण खरी मांडणी त्याला माहीतच नव्हती. मावशीने हे रुमाल स्वतःच्या हातांनी हलवले होते. वॉचमनने शिडी धरली होती. चित्रकार हो म्हणाली होती. अगदी खाणीच्या मालकालाही माहीत होतं, त्याने येऊन पाहिलं होतं. किल्ली असलेला, आणि ही भिंत न पाहिलेला माणूस एकच उरतो. सोमवारी वॉचमनला गाडी देऊन पाठवणारा तोच. वरच्या खोलीतलं मशीन त्याच्याच किल्लीने उघडतं. मावशीने दार उघडायच्या आधी पेपरात फोन करून विनोद पेरणाराही तोच, कारण लोक हसायला लागले की प्रश्न विचारत नाहीत. साहेब, ही वही तुम्ही रोज वाचता ना?"

वॉचमनचे कान लाल झाले. तो साहेबांकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"नवी इमारत गावासाठीच होती," साहेब हळू म्हणाले. "तुम्हाला कळत नाही. ही एक भिंत गेली असती, पण त्या बदल्यात पोरांना केवढं मिळालं असतं! आणि मावशीला मी कामावरून काढणार नव्हतो. कुणाचंच नुकसान..."

"कुणाचंच?" मावशीची मुलगी म्हणाली. ती एकटीच तोंडाला रुमाल बांधून आली होती. बहुतेक मुद्दाम. "मी आठला कामावर नाही गेले म्हणून उद्यापासून येऊ नको म्हणालेत मला. दुसरी कुणी तरी उभी राहील माझ्या जागेवर. तिला काय सांगू? तुमची इमारत होईपर्यंत श्वास घेऊ नको?"

छातीचे डॉक्टर पेटी बंद करत होते. "हे वाईट झालं, पण मी काय करू शकतो? पुरावा तर गेलाच."

"गेला कुठे?" मावशी म्हणाली.

ती इतका वेळ दाराशी उभी होती. तिने गर्दीतून वाट काढली आणि साहेबांसमोर येऊन थांबली.

"साहेब, तुम्ही कधी एक रुमाल तरी धुतलाय का? मी अकरा वर्षं दर रविवारी माझ्या माणसाचे रुमाल धुतले. साबण लावा, आपटा, उकळत्या पाण्यात घाला, सगळं निघतं. गाठीतलं निघत नाही. घाम आणि भुकटी मिळून आत दगड होतो. मी कितीदा त्याला म्हणायचे, एकदा गाठ सोड, मला नीट धुऊ दे. तो म्हणायचा, राहू दे, पुन्हा एवढी बेतशीर बसायची नाही."

डॉक्टरांनी पेटी पुन्हा उघडली. त्यांनी पातळ पातं काढलं. मावशीने मान हलवली.

"कापायचं नाही. त्याने मारलेली गाठ आहे ती."

वॉचमनने शिडी आणली आणि दुसऱ्या रांगेतला तिसरा रुमाल काढून तिच्या हातात दिला. ती फरशीवर बसली. तिच्याकडे गोधडी शिवायचं दाभण होतं, घरून निघतानाच तिने ते पदरात खोचलं असावं. डॉक्टरांनी तिच्यासमोर पांढरा कागद पसरला. तिने गाठीत दाभण घातलं आणि थोडं थोडं हलवू लागली. मी गाई-म्हशींची अडलेली बाळंतपणं केली आहेत, पण इतक्या सावकाश आणि न घाबरता चालणारे हात मी पाहिले नव्हते. दहा मिनिटं गेली असतील. कुणी खोकलं तरी सगळे वळून बघत होते. ती मधेच थांबायची, गाठीवर अंगठा फिरवायची. ही सुटली की त्याच्या हातचं तिच्याकडे काही उरणार नव्हतं, आणि हे खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

गाठ सुटली. चुरगळलेल्या कोपऱ्याला आतून बाहेरचा रंग नव्हता, गुलाबी नाही, पांढरा नाही. तिने तो कागदावर झटकला. आधी एक करडा खडा पडला, मग त्याच्यामागून भुकटी, चिमूटभर, इतकी बारीक की पडल्यावरही काही क्षण ती हवेत दिसत होती.

डॉक्टर खाली वाकले. श्वास लागून ती उडू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला. खडा एका बाटलीत, भुकटी दुसऱ्या बाटलीत घातली, बुचं बसवली आणि वर नाव लिहिलं. मावशीला ते अक्षर दाखवून बरोबर आहे का विचारलं.

"पुरे," ते म्हणाले. "एवढं तपासणीला पुरे आहे."

"पुरे कसं?" मावशीने मोकळा झालेला रुमाल मांडीवर ठेवला आणि हाताने सपाट केला. "अजून त्र्याऐंशी आहेत."

तिने साहेबांकडे न बघता हात पुढे केला. त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खिशातून दोन किल्ल्या काढल्या, तिची आणि स्वतःची, आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. गर्दीने त्यांना जायला वाट दिली आणि कुणीही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण वॉचमन शिडीवर चढून एकेक नाव वाचत होता आणि बायका आपापला रुमाल घेऊन मावशीशेजारी फरशीवर बसत होत्या. दाभण एकच होतं. ते हातोहात फिरत होतं.